घुबड फैजपूरच्या ओळखीचं

अंदमानला जाणारा मराठी माणूस सेल्युलर जेल बघायला जातो आणि उरलेल्या दिवसांत समुद्र बघतो. आमच्या सहलीच्या पत्रकात मात्र चौथ्या दिवसापुढे ‘संपूर्ण दिवस वन्यजीवदर्शन’ अशी एक ओळ होती. जळगाव सोडेपर्यंत ती कुणी वाचलेली नव्हती. आमच्याकडचा माणूस सहलीचं पत्रक हातात घेतो आणि ‘भोजन’ या शब्दापाशी थांबतो. तिथे ‘खान्देशी चवीचं’ असं छापलेलं असल्यामुळे पुढे वाचायची कुणाला गरज वाटली नाही.

ती ओळ वाचली होती एकट्या माझ्या भाच्यानं. त्या ओळीसाठीच तो आला होता, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला त्याच्या आईनं मला धाडलं होतं. (मी निवृत्त शिक्षिका. लक्ष ठेवण्याचा पगार बंद झाला, सवय चालू आहे.) गळ्यात दुर्बीण, पाठीवर कॅमेरा आणि खिशात पक्ष्यांचं पुस्तक अशा थाटात तो विमानतळावर आला, तेव्हा सुरक्षा तपासणीवाल्यांपेक्षा जास्त चौकशी त्याची फैजपूरच्या नानांनी केली होती.

तिसऱ्या दिवशी रात्री गाइडनं जाहीर केलं, “सुबह साढ़े तीन बजे निकलेंगे.” पोळ्या वाढणारासुद्धा थबकला. पहाटे साडेतीनला आमच्याकडे केळीला पाणी भरणारेच तेवढे उठतात, कारण शेतीपंपाची वीज तेव्हा येते. रावेरचे अप्पा त्यांतले एक. ते म्हणाले, “त्या विजेपासून चार दिवस सुटका म्हनून तर मी इथं आलो!” धुळ्याच्या वहिनींनी विचारलं, पक्षी आठ वाजता नसतात का? भाच्यानं समजावून सांगितलं की, अंदमाननं घड्याळ आपलं घेतलंय, सूर्य घेतलेला नाही. जळगाव आणि पोर्ट ब्लेअर यांच्यामध्ये सतरा रेखांश आहेत, त्यामुळे तिथे आपल्यापेक्षा तासाभराहून जास्त आधी उजाडतं. आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतोसुद्धा. “म्हंजे पाचला दिवस संपतो आन् पैसे पूर्ण दिवसाचे,” सराफ शेठ म्हणाले. जळगावात सोन्याचा व्यवहार करणाऱ्या माणसाला दिवसाची तूट लगेच लक्षात येते.

तर अशी आमची बस अंधारात चिडिया टापूला निघाली. दक्षिण अंदमानाचं हे शेवटचं टोक, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे पंचवीस किलोमीटर. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्रीविजयपुरम झालंय, पण आमचा ड्रायव्हर, गाइड आणि रस्त्यावरची निम्मी दुकानं अजून जुन्याच नावानं व्यवहार करतात. बसमध्ये नानांनी प्रवासाच्या यशासाठी गणपतिस्तोत्र म्हटलं, अप्पा घोरले आणि भाचा खिडकीबाहेर तोंड काढून अंधार ऐकत बसला.

उतरलो तेव्हा काळोख इतका गच्च की आपला हात आपलाच आहे ना, हे चाचपून बघावं लागत होतं. डोक्यावर मैदानातल्या मांडवापेक्षा उंच झाडं. डावीकडे समुद्र असावा, कारण तिकडून आवाज येत होता. गाइडनं सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. तीसेक खान्देशी माणसांना एकाच वेळी गप्प बसवणं हे त्या दिवसाचं पहिलं आश्चर्य, आणि ते जेमतेम दोन मिनिटं टिकलं. तेवढ्यात झाडीतून हू-हू असा जाडसर आवाज आला, आणि गाइड कुजबुजला, “ह्यूम साहब का उल्लू!”

“कोण साहेब?” नानांचा अंधारातून आवाज.

“ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, नाना,” भाचा म्हणाला. “या घुबडाचं वर्णन त्यांनी केलं. फक्त अंदमानात सापडतं.”

“ह्यूम म्हणजे काँग्रेसवाले?”

“हो. तेच.”

आता हे समजायला फैजपूर माहीत हवं. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलंच, अध्यक्ष पंडित नेहरू. नानांचे वडील त्या अधिवेशनात पाणी वाटायला होते. ही हकिगत आम्ही चेन्नईच्या विमानतळावर ऐकली होती, सेल्युलर जेलमध्ये ऐकली होती आणि काचेच्या तळाच्या बोटीत प्रवाळ बघताना ऐकली होती. पण एका घुबडामुळे ती पुन्हा ऐकावी लागेल, हे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. नानांनी अंधारातच टोपी सरळ केली. त्यांच्या दृष्टीनं झाडावर आता घुबड नव्हतं, काँग्रेसच्या संस्थापकांच्या घरचं माणूस बसलेलं होतं.

भाच्यानं ह्यूमसाहेबांची जी गोष्ट सांगितली ती मात्र ऐकण्यासारखी होती. इटाव्याला कलेक्टर राहिलेला हा सनदी अधिकारी पक्ष्यांपायी वेडा होता. १८७३ साली तो मुद्दाम बोट घेऊन अंदमान-निकोबारला पक्षी गोळा करायला आला. पक्ष्यांवर ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक त्यानं आदल्याच वर्षी काढलं होतं. भारतातल्या पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिण्यासाठी वर्षानुवर्षं टिपणं जमवली. आणि सिमल्याच्या घरातल्या नोकरानं एके दिवशी ती सगळी हस्तलिखितं बाजारात रद्दीच्या भावानं विकून टाकली! साहेबाचं मन उडालं. जवळजवळ ८२ हजार पक्षी आणि अंड्यांचा संग्रह १८८५ मध्ये त्यानं ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेस स्थापन झाली.

“म्हणजे तो रद्दीवाला नसता तर...” नाना म्हणाले आणि पुढचं वाक्य गिळलं. रद्दीवाल्याच्या वजनकाट्याला इतिहासात एवढं महत्त्व द्यायची त्यांची तयारी नव्हती. मला मात्र त्या नोकराचं काही नवल वाटलं नाही. माझ्या घरीही लिहिलेल्या कागदांकडे बघायची हीच दृष्टी आहे.

उजाडलं तसं जंगल रंगात आलं. रंगात येणं म्हणजे काय, तर सगळीकडून एकदम ओरडाओरड. गाइड बोट दाखवी, भाचा नाव सांगी, आणि आमच्यातला कुणीतरी म्हणे, “हा तर आपलाच!” कोतवाल दिसला, “आपलाच!” टकाचोर दिसला, “आपलाच!” सुतार दिसला, पण तो कोळशासारखा काळा आणि डोक्यावर लाल शेंडी, तेव्हा मात्र “आपला” म्हणायला कुणी धजलं नाही. भाचा प्रत्येकाला जीव तोडून सांगत होता की यातला एकही आपला नाही. कोतवाल अंदमानी कोतवाल आहे, टकाचोर अंदमानी टकाचोर आहे. “अंदमान लावलं की भाव वाढतो का?” शेठनी विचारलं. अप्पा म्हणाले, “जळगावची केळी म्हटल्यावर वाढतोच की.”

प्रश्न खरा होता, म्हणून भाच्यानं तो खान्देशी उदाहरणानं सोडवला. आपल्याकडून पिढ्यान्‌पिढ्या माणसं सुरतेला गेली. उधन्यात राहिली, लिंबायतमध्ये राहिली. पहिली पिढी अहिराणी बोलते, तिसरी गुजराती मिसळून बोलते, आणि चौथ्या पिढीतला नातू धुळ्याला लग्नाला आला की आजीलाच दुभाषा लागतो. पक्ष्यांचं तसंच. मुख्य भूमीवरून कधीतरी वाऱ्यावर आले, मागे अथांग समुद्र, परतीचा रस्ता बंद. हजारो वर्षांत रंग बदलला, आवाज बदलला, चोच बदलली. धुळ्याच्या वहिनींना हे ताबडतोब पटलं, कारण त्यांचा एक पुतण्या उधन्यातच आहे.

पटलं तरी त्यांची मूळ तक्रार कायम होती. डोक्यावरून लांब शेपटीचे पोपट किंचाळत गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, “इतला पैसा भरीसन आपण पोपट देखाले उनूत का?” यावर उत्तर नव्हतं. सुदैवानं त्याच वेळी रस्त्याच्या कडेला भारद्वाज निघाला. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, त्यामुळे निम्म्या मंडळींनी हात जोडले. मग बघितलं तर त्याचं डोकं काळं नाही! आपला भारद्वाज डोक्यानं काळा, पंखांनी तपकिरी. याचं डोकं मातकट, पंख तांबूस. भाचा म्हणाला, हा जगात अंदमानची बेटं आणि शेजारची कोको बेटं एवढ्यातच आहे. त्यावर इथल्या भारद्वाजाचा शकुन जळगाव जिल्ह्याला लागू पडतो की नाही, अशी चर्चा सुरू झाली. नानांनी निर्णय दिला की केंद्रशासित प्रदेश असल्यामुळे तो सगळ्या देशाला लागू आहे.

अप्पांची पक्षीनिरीक्षणाची पद्धत स्वतंत्र होती. पक्षी दाखवला की ते एकच प्रश्न विचारत, “काय खाते हे?” गाइड म्हणाला “कीड़े,” तर अप्पा मान डोलावत. “फल,” म्हणाला की “मंग नको,” म्हणून तोंड फिरवत. या हिशेबानं पहाडी मैना, हिरवी पारवी कबुतरं आणि सगळे पोपट नापास झाले. अंदमानचा राज्यपक्षी अंदमानी वनकपोत, तोही फळं खातो हे कळल्यावर अप्पांनी अंदमान सरकारबद्दल फार बरं मत दिलं नाही. माझ्या मते पक्षीतज्ज्ञांनी या वर्गीकरणाचा विचार करावा. आमच्या तालुक्यात तरी ते एका दिवसात लोकप्रिय होईल.

नाश्त्याला पोहे, चहा आणि बेटावरची केळी. केळं बोटाएवढं. अप्पांनी ते सोलून न खाता बराच वेळ तळहातावर ठेवलं. “हे केळं हाये का बाप्पा!” मग गाइडला रावेर-सावद्याच्या घडाचं वजन, ठिबकच्या नळ्या, उतीसंवर्धित रोपं आणि २०१६ साली जळगावच्या केळीला मिळालेलं भौगोलिक मानांकन याविषयी पाऊण तास सांगितलं. गाइडनं तितक्या वेळात चार पक्षी ऐकले आणि एकही दाखवला नाही. शेवटी अप्पांनी ते केळं तोंडात टाकलं आणि थोडं थांबून म्हणाले, “गोड हाये,” आणि आणखी सहा घेतली.

किनाऱ्यावर मोठमोठ्या झाडांची पांढरी खोडं आडवी पडलेली होती. गाइड म्हणाला, २००४ च्या सुनामीतली. २६ डिसेंबरच्या त्या भूकंपानं दक्षिण अंदमानची जमीन खचली. पाणी आलं ते काही भागातून परत गेलंच नाही. जिथे भात होता तिथे खारं तळं झालं. भाच्याला ती तळी पक्ष्यांमुळे ठाऊक होती, अंदमानी बदक तिथे उतरतं म्हणून. अप्पांनी मात्र पक्ष्याचं काही विचारलं नाही. “भरपाई मिळाली का?” त्यांनी विचारलं. “मिली,” गाइड म्हणाला, “ज़मीन नहीं मिली.” अप्पांनी बराच वेळ तिकडे पाहिलं. त्यांच्या दोन एकर जमिनीत तापीचं पाणी शिरलं होतं, त्या वर्षाबद्दल ते एरवी बोलत नाहीत.

पाण्याजवळच मगरीपासून सावध राहण्याची पाटी होती. खाऱ्या पाण्यातली मगर, जगातला सगळ्यात मोठा सरपटणारा प्राणी. ‘वन्यजीवदर्शन’ म्हणून पैसे भरलेल्या माणसांनी आनंदानं पुढे सरकायला हवं होतं. आमची सगळी मंडळी पाटी वाचून बसच्या दिशेनं सरकली. मगर काही दिसली नाही. वहिनी म्हणाल्या, पाटी दिसली हे पुष्कळ झालं.

मग बसपाशी केतकीसारख्या झुडपाकडे बघून वहिनींनी जी किंकाळी फोडली, ती मगरीसाठी राखून ठेवलेली असावी. पाल! पण कसली पाल! पोपटी हिरवी, पाठीवर लाल-नारिंगी ठिपके, भरउन्हात ऐटीत बसलेली. भाचा धावत आला आणि गुडघ्यावर बसला. अंदमानी दिवसपाल. आपल्या पाली रात्री दिव्याभोवती हिंडतात, ही दिवसा हिंडते. आणि हिचे जवळचे नातेवाईक भारतात नाहीत, तिकडे दूर मादागास्कर आणि मॉरिशसच्या बाजूला आहेत. “नातेवाईक कुठेही असोत, अंगावर पडली तर फळ काय?” वहिनींचा प्रश्न. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं, उजव्या खांद्यावर अमुक, डाव्यावर तमुक. नानांनी बॅगेतून पंचांग काढलं. हिरव्या पालीचा उल्लेख त्यात नव्हता. म्हणून सर्वानुमते पालीपासून चार हात दूर राहायचं ठरलं. भाचा तेवढा दोन हातांवर राहिला आणि फोटो काढत राहिला.

दुपारी रॉस बेटासाठी जेट्टीवर आलो. रॉसचं नाव २०१८ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, पण बोटवाला “रॉस, रॉस,” असंच ओरडत होता. शेठनी पाकिटातून वीस रुपयांची जुनी गुलाबी नोट काढली. तिच्या पाठीवर नॉर्थ बेचं दीपगृह आणि नारळीची झाडं आहेत, ते समोर दिसत होतं. त्यांनी दोन्ही ताडून पाहिलं आणि नोट खरी असल्याची खात्री करून आत ठेवली. जेट्टीच्या छपराखाली इवल्याशा पाकोळ्या आत-बाहेर करत होत्या. भाचा म्हणाला, यांचे जातभाई उत्तर अंदमानातल्या गुहांत नुसत्या लाळेची घरटी बांधतात आणि चीनकडे त्या घरट्यांचं सूप करून पितात. किलोचा भाव त्यानं कानात सांगितला, तेव्हा शेठनी चष्मा काढून पुसला. “थुंकीला?” त्यांनी दोनदा विचारलं. त्यानंतरच्या दिवसभरात शेठचं लक्ष फक्त पाकोळ्यांवर होतं, आणि एकट्या त्यांनाच पक्षीनिरीक्षण मनापासून आवडलं, असं म्हणायला हरकत नाही.

रॉसवर १८५८ पासून १९४१ पर्यंत इंग्रजांचा कारभार होता. बेकरी, चर्च, नाचाचा दिवाणखाना, पोहण्याचा तलाव, सगळं समुद्राच्या मधोमध एवढ्याशा तुकड्यावर. समोर काळ्या पाण्याचे कैदी आणि इकडे ताजा पाव. १९४१ च्या जूनमधल्या भूकंपानं घरं हलली, मग जपानी आले, मग जंगल आलं. वडा-पिंपळाच्या मुळांनी भिंती अशा कवटाळल्यात की छप्पर नाही, पण खोली उभी आहे.

आणि इथे खरोखर वन्यजीवदर्शन झालं. चितळांचा कळप आमच्याकडे चालत आला. मोर आला. ससे आले. वहिनींचा चेहरा पहिल्यांदा उजळला. दुर्बिणीची गरज नाही, कुजबुजण्याची गरज नाही, प्राणी आपणहून दारात. मात्र भाच्याचा चेहरा पडला. हे चितळ मुळात अंदमानचे नव्हेतच, तो म्हणाला. इंग्रजांनी आणून सोडले. वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हासुद्धा नाही. खाणारा कुणी नाही म्हटल्यावर ते वाढले, कितीतरी बेटांवर पसरले आणि जंगलातली कोवळी रोपं फस्त करतात. “म्हंजे आमच्याकडचं रोहीच!” अप्पा गरजले. त्यांच्या हरभऱ्यात रोही शिरतात, त्यामुळे अंदमानच्या जंगलाशी त्यांचं क्षणात जमलं.

प्राण्यांना खाऊ देऊ नये, अशी सूचना गाइडनं दिली होती. ती आम्ही पाळली. चितळांनी पाळली नाही. एका धीट हरणानं अप्पांच्या पिशवीत तोंड घालून सावद्याच्या केळी वेफर्सची पुडी ओढली आणि प्लॅस्टिक फाडून मिरीचे वेफर्स संपवले. गाइड धावला, भाचा प्लॅस्टिक सोडवायला धावला. अप्पा उभे राहून हरणाचं तोंड न्याहाळत होते. “बोटाएवढं केळं खाऊन खाऊन कंटाळलं होतं ते,” ते म्हणाले. त्या दिवशी अप्पांच्या वर्गीकरणात फळं खाणारा एक प्राणी पास झाला.

परतीच्या बोटीत वहिनींनी सकाळच्या घुबडाची आठवण काढली. एवढ्या लांब येऊन एक घुबड नीट दिसलंही नाही, नुसतं ऐकू आलं. तेव्हा भाच्यानं दिवसभर राखून ठेवलेला पत्ता टाकला. ह्यूमसाहेब ज्या वर्षी अंदमानला आले, त्याच १८७३ साली त्यांनी आणखी एका घुबडाचं नामकरण केलं: रानपिंगळा. पुढे खान्देशात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८८०च्या दशकात त्याचे काही नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर तो पक्षी गायब. सालिम अलींनी शोधला, सापडला नाही. मधल्या काळात माइनर्ट्झहागेन नावाच्या एका कर्नलनं तो १९१४ साली गुजरातेत मारल्याचा दावा केला होता, पण पुढे कळलं की त्यानं म्युझियममधला डेव्हिडसनचाच नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी चिकटवली होती. “चोरीचा माल, शिक्का बदललेला,” शेठ म्हणाले. “आमच्या धंद्यात असं चालत नाही.” यावर कुणी काही बोललं नाही.

मग २५ नोव्हेंबर १९९७ ला पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तीन अमेरिकनांना तो जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. कुठे, तर शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी.

“शहादं?” वहिनी ताठ झाल्या. “ते तर तवय धुये जिल्हामा व्हतं!” खरंच होतं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. “मंग ते घुबड आमनं धुयानं शे.” नानांनी कायद्याचा मुद्दा काढला की आता ते नंदुरबारचं आहे. “जिल्हा फुटना,” वहिनी म्हणाल्या, “घुबड नही फुटनं.” नानांना उत्तर सुचलं नाही, पण ह्यूमसाहेबांच्या नावावर त्या घुबडात फैजपूरचाही वाटा आहे, हे त्यांनी नोंदवून घेतलं.

“यावल अभयारण्यातही आहे,” भाचा म्हणाला. “अप्पा, तुमच्या मळ्यातून जो सातपुडा दिसतो ना, तिकडेच.” अप्पा त्या अभयारण्यापासून हाकेच्या अंतरावर राहतात आणि ते आत कधी गेलेले नाहीत. ते समुद्राकडे बघत म्हणाले, “म्हंजे माह्या घराच्या मागचं घुबड सोडून मी पोपट पाह्याला विमानानं आलो?” मग थोडं थांबून, “काय खाते ते?”

“सरडे, उंदीर, टोळ.”

“हे बेस!” अप्पा म्हणाले.

तेव्हा रावेर, यावल, चोपडा, शहादा, तळोद्याच्या वाचकांना एवढंच सांगणं: सातपुड्याच्या विरळ सागवानात भरदिवसा उघड्या फांदीवर बसलेलं, पिंगळ्यापेक्षा थोराड, डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेलं घुबड दिसलं, तर अपशकुन म्हणून त्याला दगड मारू नका, आणि जवळ बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाजही लावू नका. लांबून बघा. भारताबाहेर ते जगात कुठेच नाही.